कासिमचाचांच्या घरातली शिस्त

कासिमचाचांच्या घरात नळ सोडल्याशिवाय कोणी महत्त्वाचं बोलायचं नाही, असा नियम होता. तो आम्ही सगळे मोडायचो, पण नियम होता. अमोलची शिफ्ट कधी सुटते, माझ्या कॉलेजात हजेरीवरून काय गोंधळ चाललाय, शेजारच्या गल्लीत कुणाच्या व्हिसाचं काय झालं, असला कुठलाही विषय निघाला की ऐंशी ओलांडलेले चाचा खुर्चीचे हात धरून उठायचे, सिंकचा नळ सोडायचे आणि मगच म्हणायचे, "हं, आता बोल." भिंतीला कान असतात आणि पाण्याच्या आवाजात ते बहिरे होतात, हे त्यांचं शास्त्र. त्या वर्षांत मेलबर्नमध्ये पाण्याची बोंब होती. अंगणात पाइप लावायला बंदी, आंघोळी आटोपत्या. फरीदाताई, म्हणजे चाचांची मुलगी, कामावरून दमून यायची आणि वाहता नळ बघून डोक्याला हात लावायची. शेवटी बापलेकीत तह झाला. नळाखाली बादली ठेवायची आणि ते पाणी मागच्या टोमॅटोंना घालायचं. "आपल्या घरात गुपितं फार, म्हणून टोमॅटो लालबुंद," असं अमोल म्हणायचा. त्याचे विनोद सगळे असलेच.

मी त्या घरात भाड्याची खोली बघायला गेले होते. मेलबर्नच्या कडेच्या वेरिबीला तेव्हा आजच्यासारखी आपल्या लोकांची जत्रा नव्हती. स्टेशनाबाहेर पडलं की वारा, आणि वाऱ्याबरोबर फ्लॉवर-कोबीच्या शेतांचा वास. वारा फिरला तर मैलापाण्याच्या शेतांचाही यायचा, त्याबद्दल न बोललेलं बरं. दार चाचांनी उघडलं. बाहेर आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग माझ्याकडे. नाव विचारलं नाही, शिकतेस काय तेही नाही. इंडियातून आलेय म्हटल्यावर इंग्रजीत विचारलं, इंडियात कुठे. मी म्हटलं, तुम्हाला माहीत नसेल, चिपळूण. म्हातारा दाराला धरून उभाच राहिला आणि म्हणाला, "खाडीच्या अल्याड का पल्याड गो?"

बाई गं! अंगावर काटा आला माझ्या. परक्या मुलखात, काखेतल्या निळ्या डोळ्यांच्या मांजरीला कुरवाळत उभा असलेला, तोंडावरून धड इंडियन वाटेल न वाटेल असा माणूस, आणि तोंडात दाभोळ खाडीची भाषा. त्यांचा आजा खलाशी होता. बोटीवरून केप टाउनला उतरला तो परत गेलाच नाही. चाचांनी खाडी कधी पाहिली नव्हती. पण आजीने त्यांच्या तोंडात घातलेली भाषा त्यांनी तशीच जपली होती, जुन्या वळणाची, इंग्रजीचे तुकडे अडकलेली. मला ते 'माधवी' फार क्वचित म्हणत. 'पोरी' किंवा 'चिपळून'. फरीदाताईला ती भाषा समजायची, पण ती उत्तरं इंग्रजीतच द्यायची. इथे मी तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे, ते माझं मराठी.

चाचांचं आयुष्य मला एका बैठकीत कळलं नाही. रविवारी ते मासळीचं कालवण करायचे, चिंच आणि ओल्या खोबऱ्याचं, आणि मासळी साफ करता करता एखादी गोष्ट सांगायचे. तीही मध्येच तोडायचे, कारण गोष्टीत कुणाचं तरी नाव यायची वेळ झालेली असायची. ते शिंपी. कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसलेल्या बायकांची युनियन त्यांनी बांधली. तिथून पक्षात गेले. पक्षावर बंदी आली तेव्हा बाकीचे पुढारी पळाले किंवा पकडले गेले, आणि शहरातली सगळी गुप्त कामं यांच्या अंगावर आली. माझी समजूत अशी की पुढारी म्हणजे भाषण करणारा. तसं म्हटलं तर ते हसले. "भाषनवाले वेगले. आज रात्री कोन कुनाच्या घरात झोपनार, ता ज्याला ठरवता येता आनि ज्याचा कोनी मोडत नाय, तो लीडर." गोऱ्यांच्या राज्यात काळ्या माणसाला रस्त्याचा बाक वेगळा, पोस्टाची खिडकी वेगळी, समुद्राचा किनारासुद्धा वेगळा. त्या राज्याच्या पोलिसांनी त्यांना धरलं, झोपू दिलं नाही, उभं करून ठेवलं, पाय भोपळ्याएवढे सुजले. त्यांनी एकही नाव दिलं नाही. नंतर सुटका, सीमा ओलांडून परागंदा, लंडन, आफ्रिकेतल्या छावण्या. राज्य बदलल्यावर पक्षाने बोलावून खुर्ची देऊ केली, तर म्हणाले, मला सदरे शिवता येतात, खुर्चीचं काही कळत नाही. बायको वारली आणि मुलगी नर्सिंग होममधल्या नोकरीसाठी इकडे आली होती, तिच्याकडे ते येऊन राहिले.

"जे ठाऊक नाय ते सांगता येत नाय." हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही माझी मुलगी मित्रांची नावं सांगायला लागली की माझ्या जिभेवर येतं. ती युनिव्हर्सिटीत आहे, 'मम, यू आर सो वियर्ड' म्हणून निघून जाते. चूक नाही तिची. आम्हालाही तेव्हा ती गंमतच वाटायची.

आम्हाला म्हणजे मला आणि अमोलला. अमोल वाघचौरे, संगमनेरचा, माझ्या आधीपासून त्या घरातला भाडेकरू. गॅरेजमध्ये लाकडी फळ्या टाकून केलेली खोली त्याची. तो स्वयंपाकाचा कोर्स करत होता. घरी भाकरी थापता येत नव्हती, पण तेव्हा स्वयंपाक शिकलं की इथे कायमचं राहता येतं, पीआर मिळते, म्हणून निम्मा महाराष्ट्र शेफ व्हायला निघाला होता. शहरातल्या एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये तो कांदे कापायचा, भांडी घासायचा, विद्यार्थ्याला जेवढे तास काम करायची परवानगी होती त्याच्या कितीतरी वर. त्या वरच्या तासांचा कुठे उल्लेख नाही. उघडकीला आलं तर व्हिसा रद्द आणि दुसऱ्या दिवशी विमान. हे घरात आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. चाचा त्याला युनियनमध्ये जा म्हणून मागे लागायचे. तो म्हणायचा, "कॉम्रेड, आधी पीआर, मग क्रांती." चाचांना राग यायला हवा होता, पण हा पोरगा त्यांचा जीव की प्राण. त्याच्यासाठी कालवणातली डोकी बाजूला काढून ठेवलेली असायची.

आणि भीती. ती कशी सांगू? त्या काळात इथे आपल्या मुलांना मारहाण झाल्याच्या बातम्या येत होत्या. कुणाचा मोबाइल हिसकावला, कुणाला स्टेशनबाहेर गाठून लाथाबुक्क्यांनी तुडवलं. इथे आम्ही कामात असायचो, पण तिकडे चिपळूणला आईच्या टीव्हीवर दिवसभर तेच. तिचा फोन आला की पहिलं वाक्य, "जिवंत आहेस ना?" आम्ही एकमेकांना शहाणपण शिकवायचो. ट्रेनमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या डब्यात बसा, मोठ्याने मराठी बोलू नका, पांढरे इअरफोन दिसू देऊ नका. मला स्टेशनपासून घरापर्यंतच्या रस्त्यावरचं एकेक झुडूप ठाऊक होतं, कारण त्यामागे कोणी उभं आहे का ते मी रोज बघायचे. भित्री नव्हते हो मी. पण रोज झुडपं मोजत चालायचं म्हणजे काय, ते त्या वर्षांत कळलं.

तो शनिवार होता. मी सकाळच्या शिफ्टला सुपरमार्केटमध्ये, फरीदाताई नर्सिंग होमला. दुपारी मी घरी आले तेव्हा चाचा किचनमध्ये मोठ्या आवाजात क्रिकेटची कॉमेंट्री लावून बसले होते. क्रिकेट त्यांना कधी आवडलं नाही. मी चहा टाकला आणि अमोलचा कप घेऊन गॅरेजकडे निघाले. शुक्रवारची शिफ्ट उशिरापर्यंत असायची, शनिवारी तो दुपारपर्यंत पसरलेला असायचा.

"खय निघालीस?"

"अमोलला चहा देते."

"तो नाय. बाहेर गेलाय."

"कुठे?"

"मना काय ठाऊक."

मी तरी गेले. दार ढकललं. खोली रिकामी होती. गादी गुंडाळलेली. खुंटीवरचे कपडे नाहीत, फळीवरची पुस्तकं नाहीत, आईबाबांचा फोटो, गणपती, दाढीचं सामान, काही म्हणजे काही नाही. फरशी पुसलेली. इथे कधी कोणी राहत होतं असं वाटू नये इतकी स्वच्छ. सामान घेऊन पोरगं गेलं तरी कुठे? आणि अमोलने आयुष्यात कधी फरशी पुसली नव्हती.

फोन लावला, बंद. परत लावला, बंद. रेस्टॉरंटला केला. मालक म्हणाला, काल नेहमीसारखा निघाला, आणि पुन्हा इथे फोन करू नकोस, असला कोणी माणूस आमच्याकडे कामाला नाही. एका दमात दोन्ही! म्हणजे काल निघाला तो घरी पोहोचलाच नसेल तर? मग सामान कोणी नेलं? घरी येऊन सामान घेऊन गेला असेल, तर न सांगता? इमिग्रेशनवाल्यांनी धरलं? की स्टेशनबाहेर... पुढचा विचार मी करत नव्हते, तो आपोआप होत होता. मी किचनमध्ये येऊन चाचांना म्हटलं, "मी पोलिसांत जातेय."

चाचा उठले आणि दारात उभे राहिले. अंगाने काडी, पण दार अडलं. "नाय. आज कोनी पोलिसाकडं जायाचा नाय."

"अहो, त्याचं काही बरंवाईट झालं असेल तर?"

"एक दिस थांबायचा. मानूस पकडला तर एक दिस गप र्‍हातो, बाकीच्यांनी तवर निसटायचा. ही शिस्त हाय."

"कसली शिस्त, चाचा? हे वेरिबी आहे! कोण निसटणार? मी?"

"बस. खा काहीतरी."

त्यांनी माझ्यासमोर घावणं ठेवलं. मी बसले, कारण माझ्या मनातही तीच धाकधूक होती. पोलिसांत गेले, त्यांनी विचारलं की रात्री कुठून येत होता, कुठे काम करतो, किती तास करतो, तर मी काय सांगणार? मुलाला शोधायला जायचे आणि त्याचा व्हिसा घालवून यायचे. हात दाखवून अवलक्षण. घावणं समोर गार झालं. रेडिओवर कोणीतरी आउट झालं, लोक ओरडले. चाचा एकदाही माझ्याकडे बघत नव्हते, आणि तेच मला सगळ्यात भयंकर वाटत होतं.

तेवढ्यात घरातला फोन वाजला. मी झडप घातली. अमोलची आई होती. शनिवारी ती फोन करायची; त्याचा मोबाइल लागत नाही म्हणून घरच्या नंबरावर केला होता.

"माधवी, अगं अमोल कुठंय? फोन बंद लागतोय."

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही.

"अंघोळीला गेलाय काकू."

"आत्ता? तुमच्याकडे तर दुपार ना? आळशीच मेला. बरं, त्याला म्हणावं, त्याच्या बहिणीला बघायला पाहुणे येताहेत उद्या, फोनवर राहा म्हणावं जरा. मोठा भाऊ आहे, तर दोन शब्द बोलायला नको का? आणि तू जेवलीस का गं?"

"हो काकू."

"आवाज का असा तुझा? सर्दी झालीये का? वाफ घे." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि रडायला लागले. चाचा शेजारी येऊन बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चांगला बोललीस," ते म्हणाले. मला त्या शाबासकीचा इतका संताप आला की मी त्यांचा हात झटकून टाकला. त्यांना काहीतरी ठाऊक आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, खडसावून विचारलं, हात जोडले. या माणसाकडून काही वदवून घेणं केप टाउनच्या पोलिसांना जमलं नव्हतं, मी कोण?

दुपार कलल्यावर फरीदाताईची गाडी आली. मी धावत बाहेर गेले, तिला सगळं सांगत होते, तर कुंपणापलीकडून केव्हिनने हात केला. केव्हिन म्हणजे शेजारचा रिटायर्ड ट्रकवाला, पिंपातलं साठवलेलं पाणी लॉनला घालण्यात त्याचा दिवस जायचा. "ऑल गुड, फरीदा? सकाळी पोलीस आले होते तुमच्या दारात. म्हटलं, म्हातारबुवा ठीक आहेत ना."

फरीदाताईच्या हातातली पिशवी खाली पडली. ती आत गेली, रेडिओ बंद केला आणि बापासमोर उभी राहिली.

"बाबा, पोलीस का आले होते?"

चाचांनी नळाकडे पाहिलं. ताईने सिंकवर हात आपटला. "नळ नाही! असंच सांगा."

आणि मग त्यांनी सांगितलं. शांतपणे, थोडं अभिमानानेही. सकाळी दोन पोलीस आले, एक बाई आणि एक पोरगा. त्यांच्या हातात ताईचा डबा होता, अमोल कामावर न्यायचा तो. मशिदीत जेवण पाठवलं की डबे परत येत नाहीत म्हणून ताई प्रत्येक डब्याखाली घराचा नंबर आणि रस्ता लिहून ठेवायची, त्यावरून ते आले होते. विचारलं, तुमच्याकडे कोणी तरुण इंडियन मुलगा राहतो का? चाचा म्हणाले, नाही, मी आणि माझी मुलगी. मग डबा? मशिदीतून कोणी उचलला असेल, नेहमीच जातात. "खोट्यात खरा जास्त टाकायचा असता," चाचा मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. पोलीस गेल्यावर ते गॅरेजमध्ये गेले, बिछाना रिकामा होता, पोरगा आलेलाच नव्हता. त्यांनी त्याची एकेक वस्तू बांधून बागेतल्या शेडमध्ये खताच्या पोत्यांमागे लपवली. खाली वाकून फरशी पुसली, त्या गुडघ्यांनी. पोलीस पुन्हा आले असते तर काही सापडलं नसतं.

"पण ते का आले होते?" ताईचा आवाज चढला. "त्यांनी काय सांगितलं तुम्हाला?"

"तेच, जा नेहमी सांगतात." चाचा हसलेसुद्धा थोडे. "की एका पोऱ्याला अपघात झालाय. हॉस्पिटलात हाय, बेशुद्ध. जवळ काय नाय, फोन नाय, पाकीट नाय. फक्त नाव पायजे, म्हनजे घरच्यांना कलवता येल. शब्दाला शब्द तोच, फरीदा. तोच गोड आवाज."

ताई खुर्चीवर बसली. मला अजून पूर्ण कळलं नव्हतं. मग ती जे बोलली ते इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं, आणि ते मला बोलली, बापाला नाही. ती लहान होती तेव्हा केप टाउनच्या घरी असेच दोन पोलीस आले होते. चाचा भूमिगत. दारात आई, खदीजा. पोलीस म्हणाले, तुमच्या नवऱ्याच्या मित्राला, विलीला, अपघात झालाय, रक्त फार गेलंय, त्याच्या माणसांना बोलवायचंय, तो कुठे राहतो? आईने ओच्याला डोळे पुसत पत्ता सांगितला. विली धडधाकट होता. त्या पत्त्यावर त्याला झोपेतून उचलला आणि काही दिवसांनी त्याचं प्रेत घरी आलं.

"बाबा परागंदा झाले, आम्ही मागून गेलो," ताई म्हणाली. "आई मरेपर्यंत हे तिच्याशी जेवायला वाढ आणि दार लाव याच्यापलीकडे फारसे बोलले नाहीत. ती म्हणायची, माणूस मरतोय असं कोणी सांगितलं तर मी काय करायला हवं होतं? हे म्हणायचे, गप्प बसायला हवं होतं." मग ती बापाकडे वळली. "आज तुम्ही गप्प बसलात, बाबा. आणि आज मुलगा खरंच मरतोय."

चाचांच्या तोंडावरचा रंग गेला. ते हसू कुठल्या कुठे. "तोच आवाज होता गो," ते पुन्हा म्हणाले, पण आता ते आम्हाला विचारत होते. मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं. चिडलेही होते. सकाळपासून तो पोरगा कुठल्याशा कॉटवर बेवारशासारखा पडलाय, तिकडे त्याची आई उद्याच्या पाहुण्यांसाठी पोहे निवडतेय, आणि इथे हा म्हातारा क्रिकेट ऐकतोय! पण मी पेल्यात पाणी भरून त्यांच्यासमोर ठेवलं.

ताईने फोन उचलला, पोलिसांना लावायला. चाचांनी तो तिच्या हातातून काढून घेतला. मला वाटलं, आता पुन्हा अडवतात. पण ते आत गेले आणि कोट घालून आले, पक्षाच्या सभांना घालायचे तो, स्वतः शिवलेला.

"मी सांगनार," ते म्हणाले. "खोटा मी बोललो. नाव मीच देनार."

पोलीस ठाणं जवळच होतं, पण पायऱ्यांपाशी चाचांचे पाय थांबले. खोटं नाही सांगत, अक्षरशः उचलेनात. आयुष्यात असल्या पायऱ्या ते स्वतःहून कधी चढले नव्हते, ओढत नेलं होतं तेवढंच. ताई म्हणाली, बाबा, गाडीत बसा, मी जाते. त्यांनी मान हलवली आणि माझा दंड पकडला. बोटं रुतली. आम्ही आत गेलो.

काउंटरवर एक पोरगेलासा कॉन्स्टेबल. "येस मेट, काय मदत करू?" चाचा त्याच्या युनिफॉर्मकडे बघत राहिले. तो पुन्हा म्हणाला, "नो वरीज, टेक युअर टाइम." मी सांगायला तोंड उघडलं तर चाचांनी माझा दंड दाबला. मग इंग्रजीत, भाषण करावं इतक्या मोठ्या आवाजात ते म्हणाले, "सकाळी तुमची माणसं माझ्या घरी आली होती. मी त्यांना खोटं सांगितलं. तो मुलगा माझ्या घरात राहतो. त्याचं नाव अमोल वाघचौरे." कॉन्स्टेबलला आडनाव लिहिता येईना. तेव्हा चाचांनी एकेक अक्षर सांगितलं, डोळे मिटून, प्रत्येक अक्षरामागे थांबत, जणू प्रत्येक अक्षर त्यांच्याकडून पिळून काढलं जात होतं.

अमोल वाचला. त्याला स्टेशनच्या मागच्या वाटेवर चौघांनी गाठलं होतं, कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका माणसाला तो पहाटे दिसला. डोक्याला मार होता. त्याच्या आईला फोन मीच केला. ते बोलणं मी इथे लिहिणार नाही. किती तास काम करतोस, हे त्याला कोणी विचारलंसुद्धा नाही. आता तो पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला खाणीच्या कँटीनचा मॅनेजर आहे, डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही, विनोद तसेच भिकार. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की सकाळी नाव कळलं असतं तरी उपचार तेच झाले असते. ते चाचांना आम्ही पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

पण हे सगळं नंतरचं. ठाण्यातून बाहेर पडलो तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं की तो जिवंत आहे आणि शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आहे. ताई गाडी काढायला धावली. चाचा पायरीवरच बसले. उन्हात, त्या जाड कोटात, दात वाजत होते त्यांचे.

"नाव दिला गो मी," ते म्हणाले.

"चाचा, बरं केलंत. देवासारखं केलंत."

"ता मना ठाऊक हाय." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. समोर ताईने गाडी आणून उभी केली होती, हॉर्न देत होती. ते उठले नाहीत. "खदीजाने विलीचा पत्ता दिला, तवा तिला वाटला असेल, मी एक जीव वाचवला. एका रात्री चोरून घरी येऊन मी तिला काय बोललो, ता फरीदाला ठाऊक नाय. कोनाला ठाऊक नाय."

मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं असतं, त्या क्षणी त्यांनी मला सगळं सांगितलं असतं. मी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि आम्ही गाडीकडे गेलो.